प्रोसेसर ठेवा, बोर्ड बदला
नवा कॉम्प्युटर जुळवायला तुम्ही सुट्या भागांची जी यादी दिलीये, तिच्यातला रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड एकत्र चालणार नाहीत. ७६०० एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), बी४५० एएम४चा. प्रोसेसर बोर्डात बसणारच नाही, त्यामुळे बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनही काही उपयोग नाही. शिवाय एएम५वर फक्त डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम चालते, म्हणजे तुम्ही निवडलेली डीडीआर४ही बाद.

दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला ७६००ऐवजी रायझन ५ ५६०० सुचवलाय, तो बी४५०वर चालतो. पण बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर आधी बायोस अपडेट लागेल. ते दुकानदाराकडूनच करून घ्या. तरी मी ७६००च ठेवून बी६५० (एएम५चा बोर्ड) आणि डीडीआर५च घ्या म्हणेन, बजेट थोडं ताणावं लागलं तरी. पुढे नुसता प्रोसेसर बदलून भागेल.

आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड फार वीज खात नाही, ११५ वॅट. ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) पुरेल. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा मात्र कृपया लावू नका, एवढ्या महागड्या सामानाशी तो खेळ नको. तीन पंख्यांचं कार्ड घेणार असाल तर कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचं कार्ड मावतं तेही बघा. आणि बोर्डावर चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात.