मदत हवी आहे: आमचा कुत्रा काळू चार दिवसांपासून भाकरीला तोंड लावेना

आखाड्यावरचा: आण्णा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडं पुण्याला गेलेत. तेव्हापासून काळू काही खात नाही, त्यांच्या बाजेखाली पडून असतो. भाकर ताकात कुस्करून दिली, दूध दिलं, सगळं तसंच. आण्णा यायला पंधरा दिवस आहेत. काय दिलं म्हणजे खाईल? लवकर सांगा, घरात कुणालाच जेवण गोड लागंना.

सेलूकर: वय? पाणी पितो का? शी कशी होते? लसी झाल्यात का? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

पश्मीवाला: जात कोणती? आपल्याकडचे पश्मी, कारवान मालकाला लई धरून असतात. मी लग्नाला गेलो की माझी कुत्री दोन दोन दिवस उपाशी बसायची. आण्णा आले की खाईल, काळजी सोडा.

आखाड्यावरचा: गावठी आहे हो, जातीचं काय घेऊन बसलात! पाच-सहा वर्षांचा असेल. पाणी पितो.

गोदाकाठ: अंग गरम लागत असेल तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी गुळात द्या.

कंपाउंडर_परभणी: अजिबात देऊ नका. माणसाची तापाची गोळी कुत्र्याच्या लिव्हरवर बसते, मांजराचा तर एका गोळीत जीव जाऊ शकतो. आणि कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट. नुसता हात लावून ताप कळत नाही. हिरड्यांचा रंग बघायचाय, पण आधी सांगा, लाळ गळते का, जबडा लोंबतोय का, आवाज बदललाय का? तसं काही असेल तर रेबीजची शंका, तोंडाजवळ हात न्यायचा नाही.

गोदाकाठ: आमच्या कुत्र्याला दिली होती, काही झालं नाही.

कंपाउंडर_परभणी: ते वाचलं हे नशीब. दुसऱ्याच्या कुत्र्यावर कशाला बघायचं?

आखाड्यावरचा: लाळ नाही, जबडा ठीक आहे. रेबीजची लस उन्हाळ्यात दिलीय. आण्णांचा आवाज फोनवर ऐकवला. उठला, शेपटी हलवत ताटलीपर्यंत आला, वास घेतला आन् तोंड फिरवलं.

कंपाउंडर_परभणी: मग ही नुसती आठवण नाही. आवाजाला उठतो, पण अन्नावरची वासना उडालीय. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.

देवणीप्रेमी: गोचिडावरून आठवलं, आमच्या गाईच्या कासेला लई झालेत. काय लावावं?

आखाड्यावरचा: डाव्या कानात एरंडाच्या बियांएवढे सात निघाले! हिरड्या पांढुरक्या आहेत. गुरांवर फवारायचं औषध आहे घरात, मारू का?

कंपाउंडर_परभणी: नको, चाटेल. राहिलेले चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटानं चिरडू नका. गोचिडतापात रक्त कमी होतं. सकाळीच पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आणा, रक्त तपासू.

पश्मीवाला: माझा अंदाज चुकला, थांबा म्हणायला नको होतं. जाताना आण्णांचा वापरातला टॉवेल सोबत न्या. टेबलावर शांत राहील.

आखाड्यावरचा: जाऊन आलो. प्लेटलेट कमी निघाल्या, गोचिडतापच. डॉक्सिसायक्लिन 28 दिवस, खाण्यासोबत द्यायचं. सलाईन लागेपर्यंत टॉवेलवर नाक टेकवून पडला होता, हूं की चूं नाही. रात्री अर्धं उकडलेलं अंडं माझ्या हातानं खाल्लं. आण्णांना अजून काही बोललो नाही. ऑपरेशन परवा आहे आन् रोज फोनवर पहिलं काळूचंच विचारतात. सांगावं का?

सेलूकर: सांगा. अंडं खाल्लं तिथून सुरुवात करा.