काउंट ओसीचं 'ग्राउनेशन' ऐकलं, आता पुढे काय?

कॅसेटवाला:
मंडळी, जरा मदत करा. माझं जॅझ म्हणजे कोल्ट्रेन, फॅरो सँडर्स वगैरे, आणि रेगे म्हणजे मार्ली आणि थोडंफार डब, बस. परवा जमैकन ढोलवादक काउंट ओसीच्या ग्रुपचं, म्हणजे काउंट ओसी अँड द मिस्टिक रेव्हलेशन ऑफ रस्ताफारीचं 'ग्राउनेशन' लावलं, १९७३ चं, चक्क तीन एलपी, आणि डोकंच चक्रावलं. सॅक्स आहे, ट्रॉम्बोन आहे, पण खाली नुसते हाताने वाजवायचे ढोल आणि मधेच एक जण गुलामगिरीचा इतिहास सांगायला लागतो तो थांबतच नाही. हे नक्की ऐकायचं कसं? आणि या वाटेवर अजून काय आहे? आणि खरं सांगा, ते बोलणं तुम्ही स्किप करता ना?

ठेका_पहिला:
सॅक्सच्या मागे लागू नकोस, ढोलापासून सुरुवात कर. नायाबिंगीत, म्हणजे रस्तांच्या (जमैकातल्या रस्ताफारी पंथाच्या लोकांच्या) ढोलवादनात, तीन ढोल असतात. सगळ्यात मोठा बेस, त्याला कापड गुंडाळलेल्या काठीने मारतात. फुंदे म्हणजे भजनातला टाळ समज, दोन ठोके, मग जागा, परत दोन ठोके, रात्रभर तेच, इकडे नाही तिकडे नाही. आणि रिपीटर सगळ्यात उंच आवाजाचा, त्याला मोकळीक, तोच बोलतो. ओसी रिपीटर वाजवायचा. आता 'मबरत' लाव, ती मुळात जॅझ सॅक्सवाल्या चार्ल्स लॉइडची 'पासिन थ्रू'. हॉर्न्स (सॅक्स, ट्रॉम्बोन) मूळ सुरावट वाजवतात पण खालची लय फुंदेचीच, तिला घाई नाही, त्यामुळे तीच चाल एकदम जड पावलांनी आल्यासारखी वाटते. जॅझवर ढोल चिकटवलेत असं कुठेच वाटत नाही, उलट जॅझवालेच ढोलांच्या घरी आलेत.

वॅरिका_कट्टा:
आणि ते खरोखरच घरी यायचे. किंग्स्टनच्या पूर्वेला वॅरिका हिल्स आहेत, त्या बाजूला ओसीचा कॅम्प होता, तिथे डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, रिको रॉड्रिगेझ ही जॅझवाली मंडळी वाजवायला जायची. तिघंही आल्फा बॉइज स्कूलचे, कॅथलिक नन्सनी चालवलेली शाळा, गरिबाघरच्या पोरांना बँड शिकवायची. दिवसा हॉटेलात पर्यटकांसाठी स्टँडर्ड्स, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली जुनी गाणी, वाजवायचे आणि रात्री इथे मोकळं व्हायचं. त्या काळात रस्तांना पोलीस झोडपायचे, चांगल्या घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून निर्माता प्रिन्स बस्टरने ओसीच्या लोकांना स्टुडिओत नेऊन फोक्स ब्रदर्सचं 'ओ कॅरोलिना' केलं ते मोठंच धाडस. हो, तेच गाणं जे १९९३ मध्ये शॅगीने गाजवलं, आपण एमटीव्हीवर बघायचो ते 😄 'ग्राउनेशन'वरही आहे बघ.

बोलणं स्किप करू नकोस बाबा. ग्राउनेशन म्हणजे रस्तांची बैठक, तिथे ढोल, गाणं, प्रवचन सगळं एकत्रच चालतं. कापून ऐकलंस तर नुसती प्लेलिस्ट उरेल.

बी_साइड:
मी तर स्किप करते, कोणी काही म्हणो. एकदा नीट ऐकलं, पटलं, आता तिसऱ्या एलपीवरचा तो लांबलचक 'ग्राउनेशन' थेट लावते.

पुढचं सांगू का, सेड्रिक 'इम' ब्रुक्स. 'ग्राउनेशन'वरचा टेनर सॅक्स त्याचाच. हाही आल्फाचाच, साठच्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियात गेला, तिथे जॅझवाल्या सन राच्या माणसांशी गाठ पडली आणि परत आल्यावर ओसीबरोबर वाजवायला लागला. नंतर स्वतःचा 'द लाइट ऑफ साबा' हा बँड काढला, त्यात नायाबिंगी, जॅझ, फंक, कॅलिप्सो सगळं येतं, आणि खिचडी वाटत नाही. ऑनेस्ट जॉन्स या लेबलने २००३ मध्ये त्याचं छान संकलन काढलंय, तुझ्यासारख्याने तिथूनच सुरू करावं. ओसीचंच 'टेल्स ऑफ मोझांबिक' १९७५ चं, 'ग्राउनेशन'पेक्षा आटोपशीर, सोल जॅझ या लेबलने परत काढलंय. रिकोचं 'मॅन फ्रॉम वॅरिका' सगळ्यात शेवटी ऐक, सुंदर आहे पण ते बरंचसं रेगेच आहे, ढोल शोधत बसलास तर चिडशील.

कॅसेटवाला:
भारी! 'मबरत' आत्ता फुंदेवर कान ठेवून ऐकलं, मघाशी हे ऐकूच आलं नव्हतं यार. मूळ प्रेस (तेव्हाची एलपी) शोधू का रीइश्यू (नव्याने काढलेली) चालेल?

बी_साइड:
रीइश्यू घे रे. मूळ प्रेसच्या किमती बघून झोप उडेल, आणि घासलेल्या कॉपीत खरखरीखाली आधी फुंदेच जातो.




ठेका_पहिला:
आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बेस ढोल येतच नाही त्यात.