घणसोलीत आपलाच रेडिओ: गावचं राजकारण, ढवळे आणि गाणी एकाच कार्यक्रमात चालतील का?

खाडीकाठची (घणसोली गाव)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

आम्ही गावातले काही जण मिळून दर आठवड्याला तासाभराचा रेडिओ कार्यक्रम सुरू करायचं म्हणतोय. मी रबाळे एमआयडीसीत लॅबमध्ये आहे. सोबत एक रिक्षावाले दादा, कॉलेजची पोरं आणि बँजो पार्टीतला एक ढोलकीवाला. पैसे फार नाहीत. एक हातात मावणारा रेकॉर्डर आहे, दोन माईक आहेत, आणि बोलणारी माणसं भरपूर आहेत.

कार्यक्रमात पहिलं हवं गावचं राजकारण. कोण कुठल्या पक्षात गेला ते नव्हे. गरजेपोटीच्या घरांचं (कुटुंब वाढलं म्हणून गावकऱ्यांनी परवानगीविना बांधलेली घरं) काय झालं, साडेबारा टक्क्यांचे भूखंड (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना परत द्यायचे) कुणाचे अजून अडकलेत, नाल्याचं काम कुणी मंजूर केलं, हे. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. नगरसेवकच नव्हता, त्यामुळे जाब विचारायची सवयच मोडली. आता ती पुन्हा लावावी लागेल.

दुसरं, ढवळे, म्हणजे आमच्या आगरी-कोळ्यांत लग्नाच्या विधींना बाया गातात ती गाणी. माझी आत्या ढवळारीण आहे, ढवळे गाणारी. हळदीला, मांडवाला तिला आजही बोलावणं येतं, पण दोन ढवळे होतात न होतात तोच डीजेवाला वायरी जोडायला लागतो. परवा तिला ओटीवर बसवून गायला लावलं. मांडवाचा ढवळा गाता गाता ती एकेका शेताचं नाव घेऊ लागली, कुठल्या बांधावरून नवरा येतो, कुठल्या मिठागरापाशी वरात थांबते. त्यातल्या एकाही जागी आज शेत नाही, सगळे सेक्टर आहेत. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "जागा गेली त गाण्यातशी कशाला काढू?" माझ्या मते हेच आमचं राजकारण आहे. १९८४ च्या जानेवारीत उरणकडच्या जासई आणि दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, ते सिडकोने घेतलेल्या अशाच जमिनीपायी. म्हणून मला ढवळे वेगळे आणि चर्चा वेगळी असं करायचंच नाही.

तिसरं, गाणी. आगरी रॅप करणारी पोरं, बँजोवाले, तुर्भे स्टोअरकडचे भीमगीतं म्हणणारे गायक.

तर प्रश्न असे: एफएमचा परवाना आम्हाला मिळेल का? त्यावर राजकारण बोलता येतं का? गाण्यांच्या हक्कांचं काय? आणि सर्वात मोठा, आत्याच्या वयाच्या बाया ऐकणार कशावर?

कॅम्पसचा_माईक (वाशी)

ताई, मी काही वर्षं एका कॉलेजच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर (संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवायचं छोटं एफएम केंद्र) काम केलंय, त्यामुळे परवान्याचं सांगू शकतो.

तुमच्या गटाला थेट मिळणार नाही. एकट्यादुकट्या व्यक्तीला किंवा बिगरनोंदणीच्या गटाला देत नाहीत. शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्र, किंवा नोंदणी होऊन किमान ३ वर्षं झालेली सेवाभावी संस्था लागते. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी जोडलेल्या संघटना, त्यात त्यांच्या कामगार संघटनाही आल्या, यांना मनाई आहे. २००२ च्या धोरणात फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी होती, २००६ मध्ये दार संस्थांसाठी उघडलं. त्यानंतर २००८ मध्ये तेलंगणातल्या पस्तापूरजवळच्या माचनूरला दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं 'तरंग वाहिनी' आहे. दोन्ही ठिकाणी गावच्या बायका स्वतः माईकसमोर बसतात. तुमच्या आत्याला ओळखीचं वाटेल असं काम आहे ते.

ट्रान्समीटर साधारण १०० वॅटचा, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर, टप्पा पाच ते दहा किलोमीटर. घणसोली, ऐरोली, कोपरखैरणे आरामात येईल. पारसिकचा डोंगर मात्र आडवा आहे, पलीकडे मुंब्रा-दिव्याला पोहोचेल असं धरू नका. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला हवा, ही अट तुम्हाला फायद्याचीच. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार परवानगी १० वर्षांची मिळते, तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, आणि सल्लागार समितीत निम्म्या बायका लागतात.

आता तुमचा खरा प्रश्न. राजकारण चालत नाही. बातम्या आणि चालू घडामोडी स्वतः तयार करून लावायच्या नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावू शकता. हवामान, वाहतूक, पाणी-वीज बंद असल्याची सूचना, परीक्षा, नोकऱ्या, सण, क्रीडा, हे बातमी धरलं जात नाही. म्हणजे "उद्या पाणी येणार नाही" हे सांगता येईल. "का येणार नाही आणि पैसे कुठे गेले" इथे अडकाल.

मला हे कधीच पटलं नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या मराठी मुलखातले. त्याच निकालाच्या आधारावर सामुदायिक रेडिओची मागणी उभी राहिली. वर्तमानपत्राला बातमी छापता येते, टीव्हीला दिवसभर ओरडता येतं, आणि दहा किलोमीटरच्या रेडिओवर गावचा नाला काढायचा नाही, हे कुठल्याच न्यायात बसत नाही. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली होती. तरी परवाना घेतल्यावर नियम पाळावेच लागतात, कारण केंद्र बंद पडलं तर ढवळेही बंद पडतात.

घोडबंदरकर

मग परवान्याच्या भानगडीत पडता कशाला? पॉडकास्ट करा. इंटरनेटवरच्या आवाजाला एफएमसारखा परवाना लागत नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की अख्ख्या गावात फिरते. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून जे रामायण झालं ते आम्ही असंच आवाजी निरोपांवर चालवलं, आणि लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

खाडीकाठची (घणसोली गाव)

दादा, सोसायटीचं वेगळं. आमच्याकडे फोन नातवाच्या हातात असतो. आत्याला लिंक उघडायला सांगितलं तर ती फोन परत देते. पण आकाशवाणी तिला लावता येते, त्याचं बटण तिला माहीत आहे.

नौपाडा_जुना_श्रोता

मुली, मी ठाण्याचा, नोकरी सगळी वागळे इस्टेटच्या कारखान्यात गेली. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

आमच्या पाळीच्या वेळेला आकाशवाणी मुंबईवर कामगारांसाठी कार्यक्रम लागायचा. त्यात लोकगीतं, कोळीगीतं लागायची, आणि कामगारांच्या कामाच्या गोष्टीही असायच्या. कँटीनमध्ये एकच संच, आणि त्याच्याभोवती आम्ही. गाण्यासाठी थांबलेला माणूस पुढचं बोलणंही ऐकून घ्यायचा. म्हणून तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं. चर्चा आणि गाणी वेगवेगळ्या दिवशी लावलीस तर चर्चेच्या दिवशी कोणी येणार नाही.

ऐकणार कशावर, याचं उत्तर मला साधं दिसतं. गावात देऊळ आहे, समाजमंदिर आहे, मासळीबाजार आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एक स्पीकर लाव आणि तासभर सगळ्यांनी एकत्र ऐका. आवाज बेताचा ठेव, आधी पोलीस चौकीत विचारून घे, रात्री दहाच्या आत संपव. ज्यांना फोनवर हवं त्यांना फाइल आहेच. एकत्र ऐकलं की तिथल्या तिथे बोलणं सुरू होतं, पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम त्यातूनच मिळतो. अलीकडच्या कित्येक फोनमध्ये एफएम उरलेलंच नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं की फोनमधलं एफएम बंद करू नका. तेव्हा परवाना मिळाला तरी स्पीकर लागेलच.

राजकारण कसं बोलायचं याबद्दल एक सांगतो. "सगळे चोर आहेत" असं बोलणाऱ्याला माईक देऊ नकोस. ते चहाच्या टपरीवर बोलून होतं. ठराव कधी झाला, कोणत्या खात्याकडे फाइल आहे, ठेकेदाराने काम किती दिवसांत संपवायचं होतं, असं विचार. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर कार्यक्रमात जसंच्या तसं वाच. मग ज्याच्याविषयी आहे त्याला पुढच्या आठवड्यात बोलाव, आणि नाही आला तर बोलावलं होतं एवढंच सांग. इंटरनेटवर परवाना नसला तरी अब्रुनुकसानीचा कायदा आहेच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. कागद हातात असला की घाबरायचं कारण नाही.

तुर्भे_कीबोर्ड

गाण्यांचं मी सांगतो. पंधरा ऑगस्टपासून जयंतीपर्यंत सगळीकडे वाजवतो, त्यामुळे चटके खाऊन शिकलोय.

सिनेमातली, कॅसेट कंपन्यांची गाणी लावूच नका. एफएम केंद्रांना कॉपीराइट कायद्याच्या ३१-ड कलमाखाली ठरलेल्या दराने वाजवण्याची सोय आहे, पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की ती इंटरनेटच्या सेवांना लागू नाही. जुनं आहे म्हणून फुकट, असंही धरू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं अडकलेलं असू शकतं.

भीमगीतवाल्यांकडे जाल तेव्हा आधी एक विचारा: हे गाणं कुणाला विकलंय का? आमच्यातल्या कित्येकांनी एकरकमी पैसे घेऊन सही करून दिलेली आहे, आणि कागद घरात सापडत नाही. अशा वेळी गायक खुशाल "वाजवा" म्हणतो, पण त्याच्या हातात ते नसतं. नवं गाणं मागा. गीतकार, संगीतकार आणि गायक तिघांची सही एका साध्या कागदावर घ्या. पोरांच्या रॅपमध्ये मागचा ठेका कुठून उतरवलाय तेही बघा. ढोलकीवाला तुमच्याकडे आहे, त्यालाच वाजवायला लावा की.

आणि आत्यांबद्दल. पारंपरिक ढवळ्यावर कुणाची मालकी नाही, पण त्यांनी जे गायलं त्या सादरीकरणावर त्यांचा कलाकार म्हणून ५० वर्षं हक्क आहे, हे त्यांना नीट समजावून सांगा. सही घेताना "फक्त या कार्यक्रमासाठी" असं लिहा. उद्या कुणी तोच आवाज उचलून डीजेवर ठोकला, तर हाच कागद कामाला येईल. आमच्या बायांचे आवाज असे उचललेले मी ऐकलेत. ज्यांचा गळा, त्यांना कुणी विचारतही नाही. याचा मला फार राग येतो.

रेकॉर्डिंग करताना पंखा आणि फ्रिज बंद ठेवा. ढवळारणी जोडीने गात असतील तर माईक दोघींच्या मधे, तोंडापासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला. एक ओळ टाकते आणि दुसरी ती झेलते, तिथे मधे श्वास घेतात तो कापू नका. एमपीथ्री करू नका, मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच (यात आवाज दाबला जात नाही) ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी.

कॅम्पसचा_माईक (वाशी)

वरचं सगळं वाचून एक सुचवतो. चर्चा इंटरनेटवर आणि स्पीकरवर करा, ढवळे आणि पोरांची गाणी मात्र एखाद्या कॉलेजच्या केंद्राला द्या. त्यांना स्थानिक कार्यक्रम हवेच असतात. म्हणजे आत्या एफएमवरही येतील.

खाडीकाठची (घणसोली गाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ओटीवर बसून सगळ्यांना हे वाचून दाखवलं.

एफएमच्या मागे आत्ता लागायचं नाही असं ठरलं. कॉलेजच्या केंद्राला ढवळे द्यायला हरकत नाही, पण आधी आमचा पूर्ण कार्यक्रम गावात वाजेल, मग तुकडा बाहेर जाईल. उलटं केलं तर गाणी बाहेर कौतुकाची होतील आणि जमिनीचं बोलणं घरातच राहील. कॅम्पसवाले दादा, तुमचा सल्ला चांगल्या मनाने आहे हे कळतं, पण शेतांची नावं असलेला ढवळा चर्चेशिवाय वाजवायला माझं मन घेत नाही. तो ज्या भागात वाजेल त्यातच गरजेपोटीच्या घरांवरचं बोलणं असेल.

पहिला माहिती अधिकाराचा अर्ज नाल्याच्या कामावर टाकतोय. रिक्षावाले दादा स्वतः नेऊन देणार आहेत. स्पीकर समाजमंदिराचा मिळतोय, वार रविवार, संध्याकाळी सातला, मासळीवाल्या बाया घरी आल्यावर. काका, तुम्ही ठाण्याहून एकदा याल का? कारखान्यातल्या त्या रेडिओबद्दल पोरांना तुमच्याकडूनच ऐकायचंय, आम्ही घणसोली स्टेशनवर घ्यायला येऊ.

कीबोर्डवाले दादा, परवानगीच्या कागदाचा नमुना मराठीत असेल तर इथेच टाका, आत्याला वाचून दाखवता येईल असा. आणि कुणाकडे माईकचा छोटा, जमिनीवर ठेवायचा स्टँड पडून असेल तर कळवा. दोघी खाली बसून गातात, आमचा स्टँड उभ्या माणसाच्या मापाचा आहे.