आयएलआर (लसींचा फ्रीज) उणे १ वर गेला, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) वापरू की बाजूला काढू? (मदत हवी आहे)

मी मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी आहे. कोल्ड चेन, म्हणजे लसी थंड ठेवायचं काम, डिसेंबरपासून माझ्याकडे आली. आज सकाळी आयएलआर उघडला तर थर्मामीटर उणे १ वर. शनिवारी संध्याकाळची नोंद ४ अंशांची आहे, रविवारी कोणी नोंदच घेतली नाही. आतल्या तापमान-नोंदयंत्रावर फ्रीझ अलार्म दिसतोय, म्हणजे तासाभरापेक्षा जास्त वेळ उणे ०.५ च्या खाली होतं.

चूक माझीच. शुक्रवारी जिल्ह्याहून साठा आला, जागा पुरेना, म्हणून टोपल्या काढून पेंटा, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), हिपॅटायटिस बी थेट तळाशी रचल्या. थर्मोस्टॅटही उन्हाळ्यात होता तिथेच.

एकही व्हायल (लसीची कुपी) दगडासारखी गोठलेली नाही. हलवली की नेहमीसारखीच पांढरट दिसते, व्हीव्हीएमचा (लसीला उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या कुपीवरच्या खुणेचा) आतला चौकोनही पांढराच. सहकारी म्हणतात, वापरा. उद्या दोन उपकेंद्रांवर सत्र आहे. तेही खरंच आहे. दोन तास चालत आलेली आई लस नाही म्हणून परत गेली, तर पुढच्या वेळी येईलच असं नाही. पण व्हीव्हीएमला उष्णता कळते, गोठणं कळत नाही. बाळाला टोचलं, कार्डावर लिहिलं आणि संरक्षणच मिळालं नाही, तर हे कधी कोणाच्या लक्षातही येणार नाही. या विचाराने सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

शेक टेस्ट (लस गोठून गेली होती का, हे व्हायल हलवून बघायची चाचणी) कोणी स्वतः केली आहे का? आयपीव्हीला (पोलिओच्या इंजेक्शनच्या लसीला) चालते का? आणि तळाच्या बीसीजी, एमआर (गोवर-रुबेला), पोलिओच्या थेंबांचं काय?

उत्तर :
ताई, आधी संशयित साठा २ ते ८ अंशांतच पण वेगळ्या पिशवीत ठेवा, वर ‘वापरू नये’ लिहा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. परस्पर फेकू नका. उद्याच्या सत्रापुरती लस शेजारच्या केंद्रातून मागवा, कारण टेस्टला रात्र लागते.

पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी यांच्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. गोठलं की ते एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही सुटत नाहीत. टेस्टमध्ये तेच बघायचं. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक व्हायल डीप फ्रीझरमध्ये रात्रभर पूर्ण गोठवा आणि ऊब न देता वितळू द्या. मग ती आणि संशयित व्हायल एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवा, सपाट टेबलावर ठेवा, अर्धा तास नजर ठेवा. संशयित व्हायलचा गाळ गोठवलेलीएवढ्याच वेगाने किंवा आधी बसला, तर ती बाद. हळू बसला तर ती गोठलेली नव्हती. प्रत्येक लसीची, प्रत्येक बॅचची टेस्ट वेगळी.

आयपीव्हीला ही टेस्ट लागू नाही, त्यात ॲल्युमिनियम नसतं. गोठल्याचा संशय असेल तर ती वापरू नका. बीसीजी, एमआरची पावडर आणि पोलिओचे थेंब गोठण्याने बिघडत नाहीत. डायल्युएंटच्या (पावडर विरघळवायच्या द्रवाच्या) काचेला मात्र तडा गेला नाही ना, ते बघा.

आणि टोपल्या आजच परत लावा. आयएलआरचा तळच सगळ्यात गार असतो.

पुन्हा मी :
खूप आभार. टेस्ट केली. तळातली पेंटा गोठवलेल्या व्हायलबरोबरच खाली बसली, वर स्वच्छ पाणी. हिपॅटायटिस बीचंही तेच. टीडीची एक बॅच वरच्या बाजूला होती, ती अर्ध्या तासानंतरही गढूळच होती. बाद साठ्याचा अहवाल साहेबांकडे दिलाय.

कालची सत्रं रद्द झाली नाहीत. शेजारच्या केंद्राने पेंटा दिली. आईस पॅक बाहेर काढून, वर घाम सुटून कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत थांबले, मगच कॅरिअर (लस न्यायचा डबा) भरला.

थर्मोस्टॅटची थंडी तंत्रज्ञांना विचारून कमी केलीय. रविवारची नोंद आता रखवालदार काका घेणार, त्यांना थर्मामीटर वाचायला शिकवलंय. फक्त एक राहिलं : शून्याखालचा आकडा दिसला तर त्यांनी रात्री फोन कोणाला करायचा? तुमच्याकडे हे कसं ठरवलंय?