ईजीएफ न देताही फॉस्फो-ईआरके गडद येतंय, मदत हवी आहे

हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) ५ मिनिटं ईजीएफ (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) देऊन ईआरके (त्या संदेशाने चेतणारं एन्झाइम) किती सक्रिय होतं ते वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) बघतेय. सक्रिय ईआरकेवर फॉस्फेट जोडलेला असतो, तेच फॉस्फो-ईआरके. पण ईजीएफ न दिलेल्या कंट्रोलमध्येही ४२ आणि ४४ किलोडाल्टनचे दोन्ही फॉस्फो-बँड जवळजवळ तितकेच गडद उमटतात. एकूण ईआरके सगळ्या लेनमध्ये सारखं आहे, म्हणजे लोडिंगची चूक नाही. मेक इनहिबिटर (ईआरकेला सक्रिय करणाऱ्या मेक एन्झाइमला रोखणारं रसायन) दिला की बँड जातो, त्यामुळे अँटिबॉडीवरही संशय नाही.

पेशी १६ तास सीरमशिवाय (म्हणजे त्यातल्या वाढीच्या घटकांशिवाय) ठेवल्या होत्या. लायसिस (पेशी फोडणं) बर्फावर, फॉस्फेट निघून जाऊ नये म्हणून ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड ताजं घालून. ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉट आधी प्रथिनाने झाकणं) दुधाऐवजी बीएसएने (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन), कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन.

एकच गोष्ट खटकते: ईजीएफ देताना मी माध्यम पूर्ण बदलते, कंट्रोललाही. नुसत्या त्या धक्क्याने ईआरके इतकं चेततं का? तसं असेल तर जुन्या माध्यमातच ईजीएफचे थेंब सोडायचे, तर किती आकारमानात?