‘रिझर्व्ह रिक्वायरमेंट’ला पोर्तुगीजमध्ये नेमकं काय?

प्रश्न: बँकेच्या अहवालाचं भाषांतर करतोय. ‘रिझर्व्ह रिक्वायरमेंट’साठी (बँकेने ठेवींचा जो हिस्सा मध्यवर्ती बँकेकडे ठेवायचा असतो तो) शब्दकोशात ‘रेझेर्वा लेगाल’ मिळालं. चालेल का?

उत्तर १: अजिबात नको. ब्राझीलच्या कंपनी कायद्यात ‘रेझेर्वा लेगाल’ म्हणजे निव्वळ नफ्यातून दरवर्षी बाजूला काढायचे ५ टक्के, भागभांडवलाच्या २० टक्क्यांपर्यंत. (जमीन कायद्यात तर त्याचा अर्थ राखायचं जंगल!) ठेवींवर मध्यवर्ती बँकेकडे ठेवावी लागणारी रक्कम म्हणजे ‘देपॉझितु कोम्पुल्सोरिउ’ किंवा ‘रेकोल्यिमेंतु कोम्पुल्सोरिउ’. बोलताना नुसतं ‘कोम्पुल्सोरिउ’. ठेवींच्या किती टक्के ठेवायचे त्या दराला ‘अलीकोता’.

उत्तर २: वाचक पोर्तुगालचा असेल तर हे सगळं बदला. तिथे युरोपीय मध्यवर्ती बँकेची भाषा चालते: ‘रेझेर्व्हाश मीनिमाश’, इंग्रजीत ‘मिनिमम रिझर्व्ह्ज’. तिथला हा दर २०१२ पासून १ टक्का, आधी २ होता. शिल्लक रोज तेवढीच लागत नाही, ठरलेल्या कालावधीची (‘मेंटेनन्स पीरियड’ची) सरासरी पाहतात. त्यामुळे ‘मेंटेनन्स पीरियड’चं ‘देखभाल कालावधी’ केलंत की गाडी घसरली.

उत्तर १: बरोबर. आणि ‘कॅपिटल रिक्वायरमेंट’शी (बँकेने स्वतःचं किमान किती भांडवल राखायचं, त्या अटीशी) गल्लत नको. राखीव निधी ठेवींवर मोजतात, भांडवल जोखीमभारित मालमत्तेवर (म्हणजे जोखमीनुसार कमी-जास्त वजन देऊन मोजलेल्या कर्जांवर, गुंतवणुकीवर). अमेरिकेत मार्च २०२० पासून राखीव प्रमाण शून्य आहे, भांडवलाची अट मात्र कायम.