शिकवण तीच, प्रार्थना नवी: चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी जोडप्यांविषयी नेमके काय ठरवले? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

अर्धविराम

चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी जोडप्यांना मान्यता दिली असे काही जण सांगतात, नाकारली असे इतर सांगतात, आणि गंमत अशी की दोघांच्याही हाती पुरावा आहे. 9 फेब्रुवारी 2023 रोजी, सुमारे आठ तासांच्या चर्चेनंतर, जनरल सिनड या प्रतिनिधी सभेने अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना आणण्याच्या बिशपांच्या प्रस्तावाचे स्वागत केले. बिशपांच्या सभागृहात 36 विरुद्ध 4, धर्मगुरूंच्या सभागृहात 111 विरुद्ध 85 आणि प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सदस्यांच्या, सभागृहात 103 विरुद्ध 92 अशी मते पडली. समलिंगी माणसांना आजवर जी वागणूक मिळाली तिच्याबद्दल त्या ठरावात पश्चात्ताप आहे. आणि त्याच ठरावात, या प्रार्थना चर्चच्या शिकवणीपासून दूर जाणार नाहीत, अशी दुरुस्तीही घातलेली आहे.

माझा आक्षेप या दुरुस्तीवर नाही, तिच्यामुळे उघड्या पडलेल्या पळवाटेवर आहे. विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचा आजन्म संबंध आहे, असे या चर्चचा कॅनन (म्हणजे चर्चचा कायदा) बी 30 सांगतो आणि त्याला कोणीही हात लावलेला नाही. जिथे ठरलेला विधी नाही तिथे धर्मगुरू स्वतःच्या विवेकाने प्रार्थना करू शकतो, पण ती कोणत्याही मूलभूत बाबतीत शिकवणीपासून ढळलेली नसावी, असे कॅनन बी 5 सांगतो. म्हणजे या प्रार्थना कायदेशीर ठरायच्या तर त्यांतून विवाहाविषयी काहीही सुचवले जाता कामा नये, आणि जोडप्याला त्या हव्याशा वाटायच्या तर काहीतरी सुचवले गेलेच पाहिजे. मूळ शिकवण बदलायची की नाही हा प्रश्न सरळ मांडून दोन तृतीयांश बहुमताची कसोटी लावायला हवी होती, मग हार होवो की जीत.

उंबरठा

आपल्या मांडणीतील तर्क निर्दोष आहे, पण चर्च अशा तर्काने कधीच चाललेले नाही. घटस्फोटाचे उदाहरण घ्या. विवाह आजन्म असतो ही शिकवण जशीच्या तशी ठेवून याच सिनडने 2002 मध्ये, पहिला जोडीदार हयात असतानाही, अपवादात्मक परिस्थितीत घटस्फोटिताचा चर्चमध्ये पुनर्विवाह लावण्यास मोकळीक दिली आणि निर्णय त्या त्या धर्मगुरूच्या विवेकावर सोडला. तेव्हा शिकवण आणि व्यवहार यांत अंतर पडले नव्हते काय?

दुसरे असे की दोन तृतीयांशाची अट म्हणजे एक तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांना दिलेला कायमचा नकाराधिकार होय. तीन सभागृहांत वेगवेगळे मतदान घेण्याची पद्धतच मुळात पुरेशी सावध आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये विवाहाची शिकवण कायम ठेवणारा बिशपांचा अहवाल केवळ ‘नोंद घेण्यासाठी’ मांडला गेला. 43 बिशपांनी होकार दिला, प्रापंचिकांनीही दिला, पण धर्मगुरूंच्या सभागृहात 93 विरुद्ध 100 असा तो पडला. सात मतांनी. त्या दिवशी या पद्धतीचा फायदा बदल मागणाऱ्यांना झाला होता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

जुनी वही

मी परंपरेच्या बाजूचा आहे. घटस्फोटाची तुलना इथे टिकत नाही, कारण घटस्फोटाच्या बाबतीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात येशूच्या तोंडीच अपवाद आहे, तर समलिंगी संबंधांविषयी जिथे जिथे उल्लेख येतो, मग तो बायबलमधील लेवीय या पुस्तकात असो वा रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, तिथे अपवादाला जागाच नाही. आणि हे चर्च एकटे नाही. 1998च्या लँबेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील, बिशपांनी 526 विरुद्ध 70 मतांनी समलैंगिक आचरण शास्त्राशी विसंगत असल्याचे नोंदवले. तो ठराव कोणावर कायद्याने बंधनकारक नाही, हे मला ठाऊक आहे. पण 2023च्या मतदानानंतर दोन आठवड्यांच्या आत ग्लोबल साउथच्या (आफ्रिका, आशिया अशा भागांतील चर्चच्या) अनेक प्रमुख बिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च बिशपांना, यापुढे जागतिक अँग्लिकन मंडळीचे नेते मानणार नाही, असे जाहीर केले. स्थानिक बहुमताची किंमत अशी इतरत्र चुकवावी लागते.

उंबरठा

पण शास्त्रातच निर्णय कसा घ्यावा याचा नमुना आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायात, परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची सुंता करावी की नाही या वादात, यरुशलेममधील सभेने आधी पेत्र, पौल आणि बर्णबा यांचे अनुभव ऐकले आणि मग शास्त्र नव्याने वाचले. ज्यांच्यात पवित्र आत्म्याचे कार्य डोळ्यांना दिसते त्यांच्यावर जू लादू नये, हा तो निष्कर्ष होता.

जुनी वही

त्याच सभेने त्याच पत्रात परराष्ट्रीयांनी जारकर्मापासून दूर राहावे असेही लिहिले आहे. आपण अध्यायाचा अर्धाच भाग वाचला.

मागचा बाक

मी समलिंगी आहे आणि दर रविवारी उपासनेला जातो, म्हणून ही चर्चा माझ्याविषयी आहे असे धरून चालतो. जुनी वही यांनी उद्धृत केलेल्या 1998च्या त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची बांधिलकीही आहे. ते वाक्य सहसा कोणी वाचून दाखवत नाही. आणि अर्धविराम, ‘हार होवो की जीत’ हे आपण सहज लिहिलेत. हार झाली तर आपल्याकडे एक सुसंगत शिकवण उरेल. माझ्यासारख्याकडे मात्र ती अर्थहीन म्हणून आपण मोडीत काढलेली प्रार्थनाही उरणार नाही. 17 डिसेंबर 2023 पासून नेहमीच्या उपासनेत तिचा उच्चार होऊ लागला आहे. ती अपुरी आहे. तरीही आमचे नाव वेदीसमोर घेतले जाणे आणि न घेतले जाणे यांत फरक आहे, आणि तो कॅननच्या भाषेत मावत नाही.

अर्धविराम

मागचा बाक यांचा आक्षेप मला लागला, आणि ते वाक्य मी मागे घेतो. पद्धतीविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे, कारण पळवाट अखेर बंदच झाली. नेहमीच्या उपासनेहून स्वतंत्र अशा आशीर्वादविधीच्या दिशेने नेणारा प्रस्ताव जुलै 2024 मध्ये प्रापंचिकांच्या सभागृहात 95 विरुद्ध 91 मतांनी निसटता मंजूर झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये बिशपांनीच सांगितले की अशा विधींना कॅनन बी 2 खालील पूर्ण मंजुरी लागेल, म्हणजे तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते. त्या 186 मतांत तो आकडा 124 होतो. 95 कुठे आणि 124 कुठे!

स्त्रियांना बिशप करण्याच्या बाबतीत हेच घडले होते. नोव्हेंबर 2012 मध्ये प्रापंचिकांच्या सभागृहात 132 विरुद्ध 74 मते पडली आणि दोन तृतीयांशाला सहा मते कमी पडून प्रस्ताव फेटाळला गेला. समर्थकांनी पळवाट शोधली नाही. विरोधकांशी पुन्हा बोलणी केली, त्यांना मान्य होतील अशा बिशपांची सोय केली, आणि जुलै 2014 मध्ये प्रस्ताव मंजूर झाला.

जुनी वही

तशी सोय आम्हीही मागत आहोत: वेगळी बिशप-व्यवस्था, कायद्याने हमी दिलेली. ती नाकारणारे बहुतांशी बदलाच्या बाजूचे आहेत, याची नोंद व्हावी.

उंबरठा

नोंद घेतली. पण स्त्री-बिशपांच्या वेळी विरोधकांनी वेगळी व्यवस्था घेतली आणि प्रस्ताव पुढे जाऊ दिला. आपण व्यवस्था घेऊन 124चा आकडा गाठू द्याल काय, एवढेच विचारतो.

जुनी वही

माझ्यापुरते उत्तर नाही असे आहे. माझ्या बाजूचे सगळेच तसे उत्तर देतील, असे मात्र मी म्हणणार नाही.